रिकाम्या कबरेची साक्ष मी खरी का मानतो

जबाबनवीस (धागाकर्ता)

सर्वांना सलाम.

गेल्या आठवड्यात इथल्या एका चर्चेत कुणीतरी लिहिलं होतं, "ख्रिस्ती लोकांना पुराव्याचं वावडं, सगळा कारभार विश्वासावर." चर्चेचा विषय वेगळा होता म्हणून तिथं गप्प बसलो. पण वाक्य मनातून जाईना, कारण माझं अख्खं आयुष्य पुरावा लिहून घेण्यात गेलं. नगर जिल्ह्यातल्या न्यायालयांत मी ३१ वर्षं लघुलेखक होतो. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून बोलायचा, साहेब त्याचं म्हणणं सांगत जायचे आणि मी टाइप करत जायचो. सरतपास, उलटतपास, कधी फेरतपास. निकाल देणं माझं काम नव्हतं. पण इतकी वर्षं माणसांचं बोलणं शब्दाशब्दानं कागदावर उतरवलं की कान तयार होतो.

एक प्रसंग सांगतो, गाव आणि नावं सोडून. मारामारीचा खटला होता, एक माणूस दगावला होता. सरकार पक्षाचे तीन साक्षीदार लागोपाठ आले. तिघांचीही सुरुवात एकच : "सायंकाळी साडेसहाच्या सुमारास मी देवळाच्या ओट्यावर बसलो असता..." खेड्यातला माणूस "बसलो असता" असं बोलत नाही, तसं पोलिसांचा कागद बोलतो. उलटतपासात तिघंही दहा-दहा मिनिटांत कोसळले. चौथी साक्ष एका भाजीवाल्या म्हातारीची. तिनं वेळ चुकवली, आरोपीच्या सदऱ्याचा रंग तिला आठवेना. बचावाच्या वकिलांनी विचारलं, "एवढं पाहिलं होतं, तर आठ दिवस कुणाला सांगितलं का नाही?" पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "भ्याले, साहेब. गाडीच्या मागं बसून राह्यले. त्यो पानी मागत व्हता, मी उठले न्हाई." साहेब क्षणभर थांबले आणि मला म्हणाले, "तिच्याच शब्दांत घ्या." निकाल तिच्या साक्षीवर लागला.

मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावांची, येशूचं चरित्र सांगणारी बायबलमधली चार पुस्तकं म्हणजे शुभवर्तमानं. त्यातलं कुठलंही उघडलं की मला ती म्हातारी आठवते.

ख्रिस्ती धर्मात क्षमा, सेवा, शेजाऱ्यावर प्रीती हे सगळं आहे, पण ते इतर धर्मांतही आहे आणि त्यासाठी कुणी साक्षी-पुरावे मागत नाही. ज्याच्यावर सगळा भार आहे तो दावा एकच : रोमन सुभेदार पंतय पिलात याच्या हुकमानं वधस्तंभावर मारलेला, कबरेत ठेवलेला येशू तिसऱ्या दिवशी उठला. तो खरा तर येशूनं स्वतःविषयी जे सांगितलं त्याला आधार आहे. तो खोटा तर काहीच उरत नाही. हे मी म्हणत नाही. पौल या सुरुवातीच्या ख्रिस्ती प्रचारकानं करिंथकरांना, म्हणजे ग्रीसमधल्या करिंथच्या ख्रिस्ती लोकांना, पत्रात तसं स्पष्ट लिहून दिलंय : ख्रिस्त उठला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ.

आता ही साक्ष पहिल्यांदा कुणाच्या तोंडी आहे? बायकांच्या. चारही शुभवर्तमानांत रविवारी पहाटे कबरेवर गेल्या त्या बायका, आणि चारही ठिकाणी पहिलं नाव येशूची शिष्या मग्दालीया मरीया हिचं. त्या काळी त्या समाजात बाईच्या साक्षीला काय किंमत होती? पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस आपल्या लोकांचे नियम सांगताना लिहितो, की बायकांची साक्ष घेऊ नये, त्यांच्या चंचल आणि उद्धट स्वभावामुळे. लूकही लपवत नाही : बायकांनी येऊन सांगितलं तेव्हा प्रेषितांना, म्हणजे येशूच्या मुख्य शिष्यांना, ते वायफळ बोलणं वाटलं. पुढं दुसऱ्या शतकात सेल्सस नावाच्या ग्रीक टीकाकारानं नेमकं यावरच बोट ठेवलं, की उठलेला येशू पाहिला कुणी, तर एका भ्रमिष्ट बाईनं.

ज्याला गोष्ट रचायची आहे त्याच्या हाताशी अरिमथाईकर योसेफ होता. यहुद्यांच्या धर्मसभेचा सभासद, श्रीमंत, कबर त्याचीच. त्याला पहाटे तिथं उभा केला असता तर काम भागलं असतं. पढवलेल्या साक्षीत साक्षीदार कधी असा निवडत नाहीत.

आणि पुरुष कुठं होते? पळाले होते. ज्याच्यावर पुढं मंडळी, म्हणजे ख्रिस्ती समाज, उभी राहिली, त्या पेत्र नावाच्या शिष्यानं एका दासीसमोर शपथ घेऊन सांगितलं की मी त्या माणसाला ओळखत नाही. मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात, उठलेला येशू समोर उभा असतानाही, कित्येकांना संशय वाटला असं वाक्य आहे. स्वतःच्या पुढाऱ्यांची अशी वाक्यं कोण कशाला घालून ठेवील? तसं घडलं होतं, आणि सांगणाऱ्यांनी ते गाळलं नाही, एवढंच मला दिसतं.

यावर जे विचारायचं ते विचारा. उलटतपासाला माझी तयारी आहे.

तर्कदीप

काका, मांडणी आवडली. पण दोन गोष्टी. एक, शुभवर्तमानं घटनेनंतर चाळीस ते साठ वर्षांनी लिहिली गेली असं बहुतेक अभ्यासक मानतात. तुमच्या न्यायालयात चाळीस वर्षांनी ऐकीव पुरावा आणला तर साहेब काय म्हणतील? दोन, त्यांच्यात मेळ नाही. मार्क तीन बायका सांगतो, मत्तय दोन, योहान एकटी मरीया. कुठं एक तरुण, कुठं दोन देवदूत. तीन साक्षीदार शब्दाला शब्द सारखं बोलले तर तुम्ही त्यांना पढवलेले म्हणता. इथं वेगवेगळं बोलले तर तेही खरं? मग खोटी साक्ष ओळखायची तरी कशी?

शेवटचा प्रश्न मी मनापासून विचारतोय.

जबाबनवीस

तर्कदीप, शेवटचा प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी तोच घेतो.

फरक आहे म्हणून साक्ष खरी ठरत नाही. फरक कुठं आहे ते पाहायचं असतं. दगावला कोण, मारलं कुणी, जागा कोणती, यात फरक पडला तर साक्ष गेली. सदऱ्याचा रंग, किती माणसं उभी होती, आधी कोण धावलं, यात फरक पडला तर ती माणसं वेगवेगळ्या जागी उभी होती एवढंच कळतं. इथं चौघांचा गाभा एक आहे : मेला, पुरला, आठवड्याच्या पहिल्या दिवशी पहाटे बायका गेल्या, कबर रिकामी होती, त्यानंतर तो दिसला. देवदूत एक की दोन, याला मी सदऱ्याचा रंग म्हणतो.

योहानाचा विसावा अध्याय मात्र एकदा सावकाश वाचा. तिथं मरीया एकटीच दिसते, बरोबर. पण ती धावत पेत्राकडं येऊन काय म्हणते? त्यांनी प्रभूला कबरेतून काढून नेलं आणि कुठं ठेवलं ते "आम्हांला" ठाऊक नाही. पुढं थोड्या ओळींनी, एकटी रडत उभी असताना, तेच बोलताना ती "मला" ठाऊक नाही म्हणते. योहानानं दुसऱ्या बायकांचं नाव घेतलेलं नाही, तरी त्या आल्या होत्या हे तिच्या एका सर्वनामातून बाहेर पडतं. माझ्या कामात असा शब्द कानाला लगेच टोचायचा. असा शब्द कुणी योजून घालत नाही, तो आपसूक राहून जातो.

आता चाळीस वर्षं. सर्वात जुना कागद शुभवर्तमान नाहीच. पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र सुमारे सन ५५ चं आहे. पौलाच्या पत्रांवर टीका करणारे अभ्यासकही हे पत्र त्याचंच मानतात. पंधराव्या अध्यायात तो म्हणतो, मला जे मिळालं तेच मी तुम्हांला दिलं : ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला (म्हणजे पेत्राला) दिसला, मग बारा शिष्यांना, मग पाचशेहून अधिक बंधूंना, त्यातले बरेच अजून हयात आहेत, मग याकोबाला, मग सर्व प्रेषितांना, शेवटी मला. "दिलं" म्हणजे करिंथला स्वतः गेला तेव्हा. तो काळही अंदाजपंचे नाही. प्रेषितांची कृत्ये या बायबलमधल्या पुस्तकात पौलाला करिंथला गल्लियो या सुभेदारासमोर उभं केल्याचं आहे, आणि ग्रीसमधल्या डेल्फीच्या शिलालेखावरून गल्लियोची कारकीर्द सन ५१-५२ च्या सुमारास बसते.

पौलाला स्वतःला हे कुठून मिळालं? गलतीकरांच्या पत्रात तो सांगतो, की येशूकडं वळल्यावर तीन वर्षांनी तो यरुशलेमेला गेला, पेत्राकडं पंधरा दिवस राहिला आणि येशूचा भाऊ याकोब यालाही भेटला. वधस्तंभाची घटना सन ३० किंवा ३३ ची धरतात. म्हणजे ही भेट त्याच दशकातली, त्याच शहरातली, ज्यांनी पाहिलं त्यांच्याशीच. तिथं त्यानं वापरलेलं ग्रीक क्रियापद "हिस्तोरेसाय" आहे, भेटून माहिती काढणे अशा अर्थाचं. "हिस्टरी" हा शब्द त्याच मुळातला.

ऐकीव पुराव्यावरचा मुख्य आक्षेप हा, की मूळ सांगणाऱ्याला उलट विचारता येत नाही. करिंथच्या लोकांना विचारता येत होतं. "त्यातले बरेच अजून हयात आहेत" या शब्दांचा दुसरा अर्थ मला लागत नाही.

ताम्रपट

बायबलबाहेरच्या साधनांबद्दल थोडं, कारण ते माझ्या अभ्यासाचं. मी ख्रिस्ती नाही.

येशू नावाचा माणूस झालाच नाही, हे मत आज प्राचीन इतिहासाच्या अभ्यासकांत जवळपास कुणी धरत नाही. रोमन इतिहासकार टॅसिटस सन ११६ च्या सुमारास, सन ६४ च्या रोमच्या आगीविषयी लिहिताना सांगतो, की ख्रिस्ताला सम्राट तिबेरियसच्या कारकिर्दीत पिलातानं देहदंड दिला. टॅसिटसला या पंथाचा तिटकारा होता, म्हणून तो वशिल्याचा साक्षीदार नाही. पिलाताचं नाव आणि हुद्दा कोरलेला दगड १९६१ साली इस्रायलच्या किनाऱ्यावर कैसरियाला सापडला. जोसेफसच्या ग्रंथात येशूवर एक परिच्छेद आहे, त्यात पुढच्या ख्रिस्ती नकलनविसांनी भर घातली हे उघड दिसतं, म्हणून तो मी जपून वापरतो. पण त्याच ग्रंथात पुढं "ख्रिस्त म्हटल्या जाणाऱ्या येशूचा भाऊ याकोब" याला सन ६२ मध्ये दगडमार करून मारल्याचा उल्लेख आहे, आणि त्यावर फारसा वाद नाही.

वधस्तंभावर मारलेल्याला कबर मिळतच नसे, प्रेतं कुत्र्या-गिधाडांना टाकत, असाही आक्षेप घेतात. बहुतेकांच्या बाबतीत ते खरं असेल. पण १९६८ साली यरुशलेमेच्या उत्तर भागात एका कौटुंबिक कबरेत दगडी अस्थिपेटी निघाली. तिच्यात येहोहानान नावाच्या माणसाच्या टाचेचं हाड होतं, आरपार लोखंडी खिळा अडकलेलं. खिळ्याचं टोक वाकलं होतं, त्यामुळं तो उपसला गेला नसावा. म्हणजे वधस्तंभावर मेलेल्याला घरच्यांनी रीतीनं पुरलं, असं निदान एकदा तरी घडलंय.

काकांच्या मुद्द्याला जुळणारी एक गोष्ट. सन ११२ च्या सुमारास आजच्या उत्तर तुर्कस्तानातला रोमन सुभेदार प्लिनी सम्राट ट्राजनला पत्र लिहून विचारतो, या ख्रिस्ती लोकांचं काय करू. ते ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात, असं तो कळवतो. खरं काय ते काढण्यासाठी त्यानं दोन दासींचा छळ केला. मंडळीत त्या सेविका होत्या. त्यांची नावं त्यानं लिहिली नाहीत. त्यांच्याकडून अमर्याद, विकृत अंधश्रद्धेपलीकडं काही निघालं नाही, असं तो लिहितो.

यातलं काहीही पुनरुत्थान सिद्ध करत नाही. मंडळी कशाच्या पायावर उभी होती आणि ती किती लवकर पसरली, एवढंच यातून कळतं.

वसईचा वारा

ताम्रपट, त्या दोन दासींबद्दल पहिल्यांदाच वाचलं. धन्यवाद.

आमच्याकडं वसईत पास्काच्या (ईस्टरच्या) रात्री देवळातले सगळे दिवे मालवतात, बाहेर अग्नी पेटवून त्यावर मोठी मेणबत्ती लावतात आणि मग एकेकाच्या हातातली मेणबत्ती पेटत जाते. नंतर बायका कबरेवर गेल्या तो पाठ वाचतात. लहानपणी माझी आजी त्या वाचनाच्या वेळी आम्हा नातींना कोपरानं ढोसायची, ऐका म्हणून. मग्दालेना मरियेला आमच्या चर्चमध्ये जुन्या काळापासून "प्रेषितांची प्रेषित" म्हणतात, आणि २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी २२ जुलैच्या तिच्या दिवसाला प्रेषितांच्या सणांची बरोबरी दिली. हे व्हायला इतकी शतकं का लागली, असं मला वाटतंच. पण पाठ मात्र पहिल्यापासून तिचाच होता.

रानवारा

मला पुराव्यात रस नाही, खरं सांगतो. आमच्या भागात लोकांनी दुष्काळात मिशनच्या धान्यासाठी धर्म बदलला. गोव्यात १५६० पासून अडीचशे वर्षं इन्क्विझिशन, म्हणजे धर्म नीट न पाळणाऱ्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, चाललं. ज्या धर्मानं असं केलं त्याचा मूळ दावा खरा की खोटा, हे मी का तपासावं?

जबाबनवीस

रानवारा, तुमचा राग मला परका नाही.

माझे पणजोबा १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर मंडळीत आले. आमच्या घरात ते धान्यासाठी आले असं कुणी म्हणत नाही आणि नव्हते आले असंही म्हणत नाही. गावाच्या विहिरीवर ज्याला हात लावू देत नव्हते, त्याला मिशनच्या आवारात कुणी पाणी दिलं आणि वर अक्षर शिकवलं, तर तो तिथं थांबला याची मला लाज वाटत नाही. पण ते का आले आणि मी का राहिलो, हे दोन वेगळे प्रश्न. इन्क्विझिशनविषयी माझ्याकडं बचाव नाही. तो अन्याय होता, आणि येशूचं नाव घेऊन केला म्हणून जास्तच मोठा.

सगळे धान्यासाठी आले, हे मात्र खरं नाही. निळकंठशास्त्री गोऱ्ह्यांनी काशीत ख्रिस्ती मताचं खंडन करायला आधी संस्कृतात ग्रंथ लिहिला. १८४८ साली बाप्तिस्मा घेतला तो त्यानंतर. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतरही चर्चनं सांगितलं म्हणून मान्य, असं म्हणायला त्या तयार नव्हत्या. गुरुस्थानी असलेल्या जोगिणीशीही (ननशीही) पत्रांतून वाद घालत राहिल्या. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि त्यांचं घर मोडलं. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग १९०० साली त्यांनी स्वतःच्या मनानं बाप्तिस्मा घेतला. यातून दावा सिद्ध होत नाही, हे मला कळतं. धर्म सांगणाऱ्यांच्या पापातून तो खोटाही ठरत नाही. फिर्यादी वाईट चालीचा निघाला म्हणून खून झालाच नाही, असा निकाल कुणी देत नाही.

इंद्रायणीकाठ

माउली, धागा मनापासून वाचतोय. आमच्या घरात तीन पिढ्यांची वारी आहे. ज्ञानोबांनी भिंत चालवली, तुकोबा सदेह वैकुंठाला गेले, हे आम्ही मानतो. तुम्ही येशू उठला हे मानता. तुम्ही त्याला पुरावा म्हणता आणि आमच्याला श्रद्धा, असं का? दोन्ही श्रद्धाच म्हणून नांदू देत ना.

जबाबनवीस

माउली, नांदायचंच आहे, त्यात दुमत नाही. तुमच्या श्रद्धेवर निवाडा द्यायला मी बसलो नाही. ज्ञानोबांनी ज्याला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली तो नेवाशाचा पैस खांब काय आहे, हे नगरमध्ये वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. आमच्या टिळकांनी अभंग लिहिले ते तुकोबांच्या वाटेनंच येशूपर्यंत आलो, असं मानून.

फरक मला एका ठिकाणी दिसतो. भिंत चालली नव्हती असं उद्या कुणी दाखवून दिलं, तरी ज्ञानेश्वरीतली एक ओवी कमी होणार नाही. ज्ञानोबा तेच राहतील, पसायदान तेच राहील. कारण तुमची श्रद्धा त्या भिंतीवर टेकलेली नाही. आमची टेकलेली आहे. येशूची हाडं उद्या निघाली तर डोंगरावरचं प्रवचन सुंदर राहील, पण पौल म्हणतो त्याप्रमाणे आम्ही सर्व माणसांत कीव करण्यासारखे ठरू. ज्या घरानं सगळा भार एका खांबावर टाकलाय, त्याला तो खांब ठोकून पाहावाच लागतो. म्हणून मी पुरावा-पुरावा करतो. तुमच्यापेक्षा वरचढ आहोत असं त्यात कुठंही नाही.

अबोली

मी समुपदेशनाचं काम करते, म्हणून राहवत नाही. जवळचं माणूस गेल्यावर ते दिसणं, त्याचा आवाज येणं, घरात वावरल्याचा भास होणं हे अगदी सर्रास घडतं. तो आजार नाही. माझ्याकडं येणारी कितीतरी शहाणी, कामाधामाची माणसं हे सांगतात, आणि बऱ्याचदा त्यांना त्यातून धीरही मिळतो. शिष्यांनी येशूवर जीव लावला होता, शिवाय ऐनवेळी पळून गेल्याची टोचणी होती. अशा मनःस्थितीत तो दिसला, आणि त्यावर पुढं श्रद्धा उभी राहिली. कुणीही खोटं बोललं नाही, आणि कुणी उठलंही नाही. हे का पुरेसं नाही?

जबाबनवीस

अबोलीताई, या धाग्यावरचा सर्वात अवघड आक्षेप हाच आहे. मी बरेच महिने यापाशी अडलो होतो, पुस्तकामुळं नाही.

माझी पत्नी २०१९ साली प्रभूमध्ये निजली. त्यानंतर वर्षभर पहाटे पाचला मला स्वयंपाकघरातून कुकरचं झाकण बसवल्याचा आवाज यायचा. झाकण बसताना ती एक हलका झटका द्यायची, त्याचा आवाज. एकदा तर मी उठून दोन कप काढून ओट्यावर ठेवले होते. तुम्ही म्हणता तो आजार नव्हे, हे मला पटतं, आणि धीर मिळतो हेही खरं.

पण ताई, मी एकदाही पाळकांना जाऊन सांगितलं नाही की ती उठली. त्या आवाजानंतर मी कब्रस्तानात जायचो तो फुलं ठेवायला. आवाजातून मला जे कळत होतं ते ती गेली हेच, रोज नव्यानं.

त्या लोकांनाही हा फरक माहीत होता. लूक सांगतो, येशू मध्ये उभा राहिला तेव्हा त्यांना वाटलं आपण भूत पाहतोय. म्हणजे तो शब्द आणि ती कल्पना त्यांच्याजवळ तयार होती. तिथंच थांबता आलं असतं. त्याऐवजी ते म्हणू लागले, हातपाय पाहिले, भाजलेला मासा आमच्यासमोर खाल्ला. आणि पुनरुत्थान म्हणजे काय याची त्यांची समजूत तर निराळीच होती. शुभवर्तमानात येशूची अनुयायी मार्था म्हणते तसं, शेवटल्या दिवशी, सगळ्यांचं. मधेच एकट्या माणसाचं, आणि तेही झाडाला टांगलेल्याचं, ज्याला त्यांचंच शास्त्र शापित म्हणतं, हे त्यांच्या मनात आधीपासून नव्हतं. भासात माणूस मनात असलेलंच पाहतो ना?

दोन माणसं मात्र या उत्तरात बसतच नाहीत. पौल शोक करत नव्हता, तो ख्रिस्ती लोकांना पकडून तुरुंगात घालत होता. आणि याकोब. योहान लिहितो की येशूचे भाऊदेखील त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते. सख्ख्या भावाला देवाचा पुत्र म्हणायला काय पाहावं लागेल, याचा विचार करताना मी माझ्या धाकट्या भावाचा चेहरा डोळ्यांसमोर आणतो. पौलाच्या यादीत "याकोबाला दिसला" एवढंच आहे. तोच याकोब पुढं यरुशलेमेच्या मंडळीचा आधारस्तंभ झाला, आणि ताम्रपट यांनी वर सांगितलं तसा सन ६२ मध्ये मारला गेला.

सगळे प्रेषित हुतात्मे झाले असं आमच्याकडं सांगतात. त्यातल्या बऱ्याच कथा उशिराच्या आहेत, म्हणून मी त्यांवर भिस्त ठेवत नाही. हा एक मला पुरतो.

अबोली

कुकरचं वाचून थांबले थोडा वेळ. पौल आणि याकोब यांच्यावर विचार करते. भासाबद्दलचं माझं मत अजून बदललेलं नाही. पण "भूत" हा शब्द त्यांच्याजवळ होता, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

तर्कदीप

काका, पौलाच्या ज्या यादीवर तुम्ही एवढा भर देता तिच्यात बायका कुठंच नाहीत. केफा, बारा, पाचशे "बंधू", याकोब. मग बायकांची कथा नंतर जोडली असं का म्हणू नये? आणि काल रात्री मार्काचा शेवट वाचला. माझ्या प्रतीत १६व्या अध्यायाच्या ९व्या वचनापासून पुढचा भाग कंसात आहे. सायनायटिकस आणि व्हॅटिकानस या चौथ्या शतकातल्या दोन जुन्या हस्तलिखितांत तो नाहीच, ती ८व्या वचनाशी संपतात. तिथं शेवटचं वाक्य आहे की बायका पळाल्या आणि भ्याल्यामुळं कुणाला काही बोलल्या नाहीत. बोलल्या नाहीत तर मार्काला कळलं कसं?

जबाबनवीस

कंसाचं तुम्ही सांगितलं ते बरोबर आहे. ९ ते २० ही वचनं मूळ मार्काची नसावीत असंच मलाही वाटतं, आणि संडे स्कूलच्या मुलांनाही मी तसंच सांगतो.

यादीचं म्हणाल तर ती चारचौघांत मांडायची यादी होती. जिथं बाईची साक्ष उभी राहत नव्हती तिथं बाईचं नाव देऊन उपयोग नव्हता, म्हणून दिलं नसावं. मी रचणारा असतो, तर नंतर लिहिताना बायका घातल्या नसत्या, होत्या त्या काढल्या असत्या. शुभवर्तमानं नंतरची, आणि बायका आहेत त्यांच्यातच. रचलेल्या गोष्टीचा प्रवास नेमका उलटा होतो.

आता मार्क. आमची भाजीवाली आठ दिवस कुणाला काही बोलली नाही, हे आपल्याला कुणी सांगितलं? तिनंच. दुसऱ्या कुणाला ते माहीत असायचं कारण नव्हतं. त्या बायका त्या पहाटे वाटेत कुणाशी बोलल्या नाहीत, भ्याल्या होत्या, हेही त्यांच्यापैकी कुणीतरी पुढं सांगितलं तेव्हाच मार्काच्या कागदावर आलं.

तुमच्याजवळ पुस्तक उघडं असेल तर आता १५व्या अध्यायाची ४० आणि ४७ ही वचनं आणि १६व्याचं पहिलं वचन शेजारी शेजारी ठेवा. मार्क बायकांची नावं तीन वेळा देतो. येशू मेला तेव्हा दुरून पाहत होत्या : मग्दालीया मरीया, याकोबाची आई मरीया, सलोमे. प्रेत कुठं ठेवलं ते पाहिलं : दोघी मरीया. शब्बाथ (यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस) संपल्यावर सुगंधी द्रव्यं घेऊन निघाल्या : पुन्हा तिघी. पंचनाम्यात लिहितात तसं, मृत्यू कुणी पाहिला, जागा कुणी पाहिली, त्या जागेवर परत कोण गेलं. मधल्या वेळी सलोमे तिथं नव्हती, म्हणून तिचं नाव घातलेलं नाही.